पोळी न चाखणाऱ्या अक्का

अक्का पोळी कधी चाखत नसत. नगरला माळीवाड्याजवळच्या त्यांच्या खानावळीत दोन्ही वेळा गव्हाच्या पोळ्या होत. अक्कांच्या ताटात मात्र बाजरीची भाकरी असे. पहिली पोळी वाढली की त्या चुलीपाशी बसून जेवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत. 'छान झाली' असे कुणी म्हटले तरी त्यांचे समाधान होत नसे. "सांगनं खोटं असतंय," त्या म्हणत, "तोंडावर येतं ते खरं." मग पुढच्या पोळीची कणीक सैल किंवा घट्ट होई.

त्या मूळच्या कर्जतकडच्या. सासरी गव्हाची पोळी सणालाच होई आणि प्रत्येक सणाला अक्कांचे पोट बिघडे. "सनाच्या दिशीच बरी हिची नाटकं," सासू म्हणे. पुढे नगरच्या एका डॉक्टरांनी गहू सोडायला सांगितला आणि पोट शांत झाले. नवरा गेल्यावर त्यांनी खानावळ काढली. गहू बाधणाऱ्या बाईने पोळ्यांचा धंदा का धरला, असे कुणी विचारले तर उत्तर ठरलेले असे: "मला बाधतो म्हनून समद्यांनी का उपाशी ऱ्हायाचं?"

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, दुष्काळाची ती वर्षे. अक्कांना शौचातून रक्त जाऊ लागले. इस्पितळात महिन्यातून एकदा पुण्याचे सर्जन येत. नळीच्या दुर्बिणीने त्यांना आतडे आतून पाहायचे होते. त्यासाठी पोट आधी पूर्ण रिकामे व्हायला हवे होते. पहिल्या महिन्यात एरंडेल दिले. ते अक्कांनी घोटासरशी ओकून टाकले. दुसऱ्या महिन्यात इस्पितळानेच जुलाबाचे मीठ पेयात विरघळवून पाजले. पोट नगाऱ्यासारखे फुगले, कळा थांबेनात. तपासणी पुन्हा राहिली.

"अक्का, पुढच्या खेपेलाही जमलं नाही, तर आत काय आहे ते न बघताच पोट उघडायचं की नाही, हे मला ठरवावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

"डाक्टर, ही कळ गव्हाची हाय."

"मिठात गहू कुठून येणार?"

"ते मला काय ठावं? पर मी हिला वळखते. सनासुदीची कळ हाय ही."

डॉक्टरांनी सिस्टरला विचारले, मीठ कशात घातले होते? बार्लीच्या पाण्यात. आजाऱ्याला हलके म्हणून तेच देण्याची तिथली पद्धत होती. डॉक्टर अक्कांकडे वळले. मग म्हणाले, "गहू बाधतो त्याला बार्लीही बाधते. हे मी आधी विचारायला हवं होतं." त्यांनी अक्कांना मोकळीक दिली: एरंडेल, सोनामुखी, मीठ, औषध तीनपैकी कोणतेही घ्या, पण पोटात टिकेल ते आधी ठरवा.

ही निवड खानावळीत, दुपारची पंगत उठल्यावर झाली. अक्कांनी तीन वाट्या मांडल्या. एकीत आल्याच्या रसातले एरंडेल, दुसरीत सोनामुखीचा काढा, तिसरीत भाताच्या निवळीत विरघळवलेले मीठ, वर लिंबू. समोर आम्ही रोज जेवणारे तिघे: बँकेतले कुलकर्णी, पोस्टातले शेख आणि वर्तमानपत्रात काम करणारा मी.

"अक्का, औषध तुमचं, आम्ही कशाला?" कुलकर्णी म्हणाले.

"आजवर तुमी खाल्लं, मी बघितलं. आता बी तसंच. घ्या, एक घोट!"

मी एरंडेल ओठाला लावले. "बास बातमीदार, कळलं," अक्का म्हणाल्या आणि वाटी काढून घेतली. कुलकर्ण्यांनी धीर करून काढा जरा जास्तच घेतला. त्यांचे डोळे मिटले ते उघडेनात. शेखांनी निवळी प्यायली. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि जागेवर आल्या. अक्का बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "हे ऱ्हाईल पोटात," त्या म्हणाल्या. कुलकर्णी दुसऱ्या दिवशी बँकेत उशिरा पोचले. "म्हंजी काढ्यात बी दम हुता," एवढाच शेरा अक्कांनी मारला.

निवळी पोटात राहिली आणि तिने तिचे काम केले. तपासणीच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसलो होतो. अक्का बाहेर आल्या, पदर सारखा केला आणि शेजारी बसल्या.

"कुशीवर निजवलं. डाक्टर पाठीमागं, त्यांचं तोंड दिसंना. मंग म्या सिस्टरकडं बघितलं."

"मग?"

"आमटीत मीठ पडलं न्हाई की तुमचं तोंड हुतं, तसं झालं तिचं."

डॉक्टरांनी मागाहून तेच सांगितले. गाठ होती, पुण्याला नेऊन काढावी लागणार होती. अक्कांनी एकच प्रश्न विचारला. "ती काढल्यावर गहू चालंल का?" डॉक्टर नाही म्हणाले. "मंग नवीन काय बी न्हाई," असे म्हणून त्या उठल्या.

शस्त्रक्रिया झाली. अक्का खानावळीत परतल्या आणि पुढची काही वर्षे पोळ्यांची कणीक पूर्वीसारखीच आमच्या चेहऱ्यांवर ठरत राहिली. नंतर दुखणे उलटले. खानावळ बंद करून त्या देवळाली प्रवऱ्याला मुलीकडे, कमलकडे गेल्या.

तिथे मी त्यांना शेवटचे पाहिले. त्या खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. पोलक्याच्या बाह्या दंडावर सैल लोंबत होत्या. कमलने माझ्यापुढे ताट ठेवले, पोळी वाढली आणि विचारले, "कशी झालीय?"

"त्यांना इचारू नको," अक्का म्हणाल्या. "तोंडाकडं बघ."

मी घास घेतला आणि वर पाहिले. अक्का माझ्याकडेच पाहत होत्या. पोळी मऊ झाली होती, पण त्या क्षणी माझ्या चेहऱ्यावर पोळी नव्हती. मी नजर खाली वळवली, तोवर उशीर झाला होता.

"कळलं मला," त्या शांतपणे म्हणाल्या. "पोळी चांगली झालीय, कमल. त्यांना आनखी एक वाढ."