मागं घेतलेलं विधेयक

घरात मिरचीचे देठ खुडताना ठसका लागला की नागपूरचं ते हिवाळी अधिवेशन आठवतं. मी आमच्या आमदारांचा टायपिस्ट होतो. भिवापूरकडच्या मिरची खुडणाऱ्या बायांसाठी त्यांनी अशासकीय विधेयक आणलं होतं. हात धुवायला नळ, बसायला सावली, एवढंच मागणं. शुक्रवारी, सभागृह रिकामं होता होता, ते चर्चेला आलं. मंत्र्यांनी आश्वासन दिलं आणि रिवाजाप्रमाणे आमदारांनी विधेयक मागं घेतलं. गॅलरीतून उतरलेल्या एका बाईनं लालबुंद बोटं पदरात गुंडाळत मला विचारलं, "आमचं होतं ना गा ते? मंग आमाले न इचारता काहून वापस घेतलं?" मी म्हणालो, "पुढच्या वर्षी परत मांडू." पुढची कितीतरी वर्षं मी तोच मसुदा टाइप केला, फक्त साल बदलून. आता बोटांची आग झाली की मी उठतो. नळ चार पावलांवर आहे.