सुनंदा वहिनींचा हॉल मी मोठा केला

हसायचं असेल तर कप आधी खाली ठेवा. चहा अंगावर सांडला तर मी जबाबदार नाही!

शेजारच्या सुनंदा वहिनींच्या प्रीतीसाठी भिलाईचं स्थळ आलं. मुलगा गुणी, स्टील प्लांटात नोकरी. त्यांनी फोटो मागितला. आधीची स्थळं फोटो बघूनच गप्प झालेली, म्हणून वहिनींचा जीव टांगणीला. आता शेजारी एवढं चाललंय आणि मी घरात मटार सोलत बसू? जमतं का हो?

प्रीतीची मैत्रीण रुची लग्नांचे फोटो काढते. तिने बॅगेतून दोन लेन्स काढल्या. एक लांबट, एक बुटकी.

"आंटी, चेहरे के लिए ये लंबा वाला सही है. पीछे का सब धुंधला हो जाएगा."

"धुंधला?" मी मधे पडले. "काहून? गोल बाजारातून सोफ्याचे नवे कव्हर आणले, ते काय पुसाले? अन् ही दुसरी कायची?"

"वो वाइड है. पूरा कमरा आएगा. पर चेहरा छोटा दिखेगा, और किनारे वाले फैल जाएँगे."

"मंग तेच लाव! पोरगी तं ते येऊन पाहतीलच. घर दिसलं पाहिजे!"

वहिनी बिचाऱ्या म्हणाल्या, "हव ताई, तुम्हाले समजते." तिथेच फसल्या.

प्रीतीला मधोमध बसवलं. पडदा नीट करायला मी कडेला गेले. आता गेलेच होते, तर जराशी हसले. क्लिक!

फोटो बघते तर काय? वहिनींच्या खोलीएवढ्या हॉलचं मंगल कार्यालय झालेलं! मधे प्रीती, शोकेसमधल्या बाहुलीएवढी. आणि कडेला मी, दिवाणासारखी आडवी पसरलेली!

"किनारे का असर है आंटी," रुची म्हणाली.

हुश्श! म्हणजे दोष लेन्सचा.

संध्याकाळी मुलाच्या आईचा फोन आला. वहिनींनी तो स्पीकरवर टाकला (मीच टाकायला लावला).

"फोटोत पोरीचा चेहरा काही दिसून नाही राहिला जी. म्हणून आम्ही सगळेच पाहाले येतो. तुमचा हॉल तं मोठाच आहे!"

रविवारी गाडी भरून पाहुणे आले. आजी, आत्या, मामा, मावश्या... उतरतच राहिले! वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चपला लावायला बाहेर पळाले. बघते तर त्या चपलांतच नवरदेव उभा! आत जागाच नव्हती. तिकडे प्रीती चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात अडकलेली.

शेवटी पोट्टाच घराला वळसा घालून मागच्या दाराशी गेला, ट्रे हातात घेतला. दोघं मागच्या ओट्यावर बोलत बसले. परतले ते हसतच.

"आई, मले पसंत आहे."

प्रीतीनेही मान हलवली. वहिनींनी डोळे पुसले. मग मी कशाला मागे राहते?

"पाहा! लेन्स मीच निवडली होती!"

मुलाच्या आईने हॉलवर नजर फिरवली. मग मला या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं.

"हॉल फोटोत लय मोठा दिसला होता जी. तुम्ही मात्र फोटोत होत्या तश्शाच आहात!"