चोर गाडीवरची चादर नेत नाही

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नमधली ती मोटारचोरी काही डोक्यातून जात नाही. वडिलांना इथे नोकरी लागली म्हणून मी चौदाव्या वर्षी पुण्याहून आलो आणि पुढे इथल्याच पोलिसांत भरती झालो. खून, दरोडे पुष्कळ पाहिले. आठवते मात्र ही केस.

तक्रारदार ऐंशीच्या घरातल्या एक विधवा बाई. नवऱ्याने तरुणपणी इथल्या तळावरच्या अमेरिकन सैनिकांचं पाहून बांधलेली हॉट रॉड गॅरेजमधून गेली होती. हॉट रॉड म्हणजे जुनी मोटार सोलून, तिच्यात दांडगं इंजिन बसवून केलेलं धूड. मध्ये बरीच वर्षं असल्या मोटारींना कुणी विचारत नव्हतं. आता पुन्हा खूळ आलंय, तरुण पोरं हात धुऊन मागे लागतात. त्यामुळे चोरीचं नवल वाटलं नाही.

पंचनाम्यात मात्र एक गोष्ट खटकली. मोटारीसोबत तिच्यावरची सुती चादर आणि बॅटरीचा चार्जरही गायब होता. चोर घाईत असतो, तो चादर कशाला नेईल? हे काम मोटारीची काळजी असणाऱ्याचं होतं.

महिन्याभराने खबर मिळाली, तीही अस्सल जर्मन. एका गृहस्थांनी तक्रार केली, की शेजारच्या गॅरेजमध्ये कुणीतरी दर रविवारी दुपारी, कायद्याने पाळायच्या शांततेच्या वेळेत, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतं. चोरीचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. रविवार मोडला याचा राग होता.

ते गॅरेज भाड्याने घेतलं होतं सांगलीकडच्या एका इंजिनिअरने. बाईंच्या नवऱ्याच्या शेवटच्या वर्षांत तो शनिवारी त्यांच्या हाताखाली मोटारीचं काम करायचा. मोटार तिथेच, चादरीखाली सापडली. त्याचा नागरिकत्वाचा अर्ज चालू होता. गुन्हा शाबीत झाला असता तर सगळं मुसळ केरात.

ठाण्यात मी त्याला गप्प बसण्याचा हक्क समजावून सांगितला. त्याने तो पुरेपूर वापरला. शेवटी मराठीत म्हणालो, "अरे, तुझा नागरिकत्वाचा आन्ट्राग बुडेल. कुणासाठी हे?"

"गाडी मी चोरली नाही, सर. एवढंच लिहा. आल्झो... म्हणजे, बाकी मला नका विचारू."

मी पुन्हा मोटारीपाशी गेलो. चालकाशेजारच्या सीटवर लोकरीची विणलेली उशी होती. हा तर एकटा राहतो. मग शेजारी बसतं कोण?

उशी घेऊन बाईंच्या दारात उभा राहिलो. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "मुलाने गिऱ्हाईक आणलं होतं. मोटार मीच लपवायला सांगितली, आणि मुलाला खरं वाटावं म्हणून तक्रार केली. त्या इंजिनिअरला सोडा." मग हळू आवाजात म्हणाल्या, "मला गाडी चालवता येत नाही हो. पण इंजिन सुरू झालं की मी डोळे मिटते, आणि नवरा शेजारी असतो."

त्यांचा जबाब जसाच्या तसा लिहिला. इंजिनिअर सुटला. खोट्या तक्रारीचं प्रकरण वय पाहून सरकारी वकिलांनी बंद केलं. मोटारीत मुलाचाही वारसाहक्क होता. शेवटी बाईंनी हात टेकले आणि मोटार विकली गेली. ती ट्रकवर चढवताना त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. फाइलवर मी ‘मालमत्ता सापडली’ असा शेरा मारला.

वस्तू गेल्याने फायदा कुणाचा, हे मी नोकरीभर विचारत आलो. तिच्यावाचून कुणाचं अडतं, हे विचारायचं राहून गेलं. माझी बायको गेली तेव्हा ते नीट कळलं. तिची फार आठवण येते. मला साधा टाका घालता येत नाही, पण तिच्या शिलाई मशीनचं चाक मी रोज फिरवतो. गेल्या महिन्यात मुलीने फोनवर जर्मनमध्ये विचारलं, एका मैत्रिणीला मशीन हवंय, कुठे आहे?

"सापडत नाही गं," मी म्हणालो. "चोरीला गेलं असेल."