पोलादपूरच्या शिंप्याची कादंबरी

पंचवीस वर्षांपूर्वी पोलादपूरच्या एका शिंप्याने स्वतः छापलेली ऐतिहासिक कादंबरी महाडच्या आमच्या वाचनालयात आणून दिली. लेखक म्हणून त्याचे नाव कोणी ऐकलेले नव्हते. मराठीचा शिक्षक म्हणून मी निवड समितीत होतो. मी दोन पाने वाचली आणि शेरा लिहिला, ‘भाषा अशुद्ध. घेऊ नये.’ मी पुस्तक पूर्ण वाचले असे समितीला वाटले. मी तसे वाटू दिले.

अशुद्ध म्हणजे काय, तर त्यातले पालखीचे भोई ‘नाय’ आणि ‘हाय’ म्हणत होते. माझी आईही तसेच बोलायची. ती शाळेत आली की मी तिला गप्प बसायला सांगत असे.

गेल्या वर्षी मोतीबिंदू काढल्यावर जुनी खोकी आवरताना तीच प्रत सापडली. मी ती परतसुद्धा केली नव्हती. सकाळी सहज उघडली, आणि जेवायला हाका मारून सून दमली. आठ भोई, बंद पालखी, मागावर घोडेस्वार, पुढे कशेडी घाटाचा चढ. आत कोण आहे हे त्यांनाही ठाऊक नाही.

“आत राजा हाय का मढं?” खांदा बदलताना एक विचारतो.

“वजन सारखंच रे, चल.”

पालखी घाटाच्या मध्यावर आली आणि पाने संपली. खाली छापले होते, ‘पहिला भाग समाप्त’.

दुसऱ्या दिवशी मी पोलादपूरला गेलो. शिंपी वारला होता. नाव सांगताच त्याच्या बायकोने मला ओळखले.

“दुसरा भाग अर्धा झालावता,” ती म्हणाली. “तुमचा शेरा कळला, तशे सगळं शुद्ध करायला बसले. पुढं लिवलंच नाय.”

तिने वही दाखवली. प्रत्येक ‘नाय’ तांबड्या शाईने खोडून वर ‘नाही’ केले होते. भोई माझ्यासारखे बोलत होते. त्यानंतरची पाने कोरी.

मी तिला खरे सांगितले, दोनच पाने वाचली होती. मग न राहवून मी विचारले, “पालखी पोचली का? तुम्हांला काही सांगितलं होतं?”

“सगळं सांगितलंवतं. आत कोन व्हतं, तेबी.” तिने माझ्या हातातून वही घेतली. “पन माजी बोली तुमाला चालायची नाय, गुरुजी.”

ती आत गेली. मी बराच वेळ ओटीवर बसून राहिलो. ती बाहेर आली नाही.