शिरोडा की मांद्रे? लेकीसाठी समुद्र पाहून आलो

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पाणी म्हणजे विहीर, धरण, नाहीतर टँकर. त्यामुळे प्रणालीचा, आमच्या एकुलत्या एका लेकीचा, फोन आला की ती चेन्नईची नोकरी सोडून समुद्रावर सर्फिंग शिकवणार आहे, तेव्हा मी आधी विचारलं, "म्हणजे नेमकं काय शिकवणार?" लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभं राहायला, असं तिने सांगितलं. मी निमूटपणे फोन तिच्या बाबांच्या हातात दिला. चूक त्यांचीच होती. धामणगाव बढ्याच्या शेतातल्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून, तिला पोहायला त्यांनीच शिकवलं होतं.

काम पक्कं होतं, जागा ठरायची होती. ही सर्फिंगची शाळा गोव्यात मांद्र्याला आहे, आणि यंदापासून नदीपलीकडे, आपल्या सिंधुदुर्गातल्या शिरोड्यालाही वर्ग सुरू करतेय. दोन्हीपैकी एक किनारा प्रणालीने निवडायचा आणि दिवाळी झाली की कळवायचं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मी आधी पाहून येतो, मंग सांगतो."

आमच्याकडे लेक द्यायची तर आधी घर पाहायला जातात. नवरदेव कमी आणि घर जास्त पाहतात. पाणी कुठून येतं, शेजार कसा आहे, दुखलं-खुपलं तर डॉक्टर किती लांब. आमच्या ह्यांच्या घराण्यात त्यावर आणखी एक पद्धत आहे. घर पसंत नसेल तर चहा घेऊन उठायचं. जेवायला बसलात म्हणजे होकार. तोंडाने कुणी काही बोलत नाही, त्यामुळे कुणाचं मनही दुखत नाही.

"अहो, आपण सोयरीक करायला नाही, समुद्र पाहायला चाललोय," मी म्हटलं.

"तेच तं. नवऱ्याची चौकशी करता येते. समुद्राची कोणापाशी कराची?"

आणि ह्या गृहस्थांनी मला खरोखर डबाभर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पिशवीभर चिवडा करायला लावला. निर्णय होईपर्यंत त्या दोन्ही गावांतलं जेवायचं नाही! मी भूगोलाची शिक्षिका, ह्यांचं खताबियाण्यांचं दुकान. शाळेला सुट्टी होती आणि दुकान पुतण्याने सांभाळलं.

तुम्ही आमच्या भागातून जाणार असाल तर सोपा मार्ग सांगते. नांदुऱ्याहून मुंबईकडची गाडी धरायची, ठाण्याला उतरायचं आणि तिथून कोकण रेल्वेने सावंतवाडी. आरक्षण मात्र आधीच करा, दिवाळीत उभं राहायलाही जागा मिळत नाही. खिडकी डावीकडची की उजवीकडची यावर भांडू नका, दोन्हीकडून हिरवंच दिसतं. सावंतवाडीहून शिरोड्याला एसटी आहे, पण प्रणाली रिक्षा घेऊन स्टेशनवर आली होती. काळी पडली होती, केस आखूड कापले होते आणि इतकी खुशीत होती की मी ठरवलेलं अर्धं बोलणं गिळून टाकलं.

शिरोड्याला आम्ही नलूताईंकडे उतरलो. त्यांच्या माडांच्या बागेत दोन खोल्या आहेत, त्यांतलीच एक प्रणालीला वर्षभरासाठी मिळणार होती. भाडं आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाइतकंच. ह्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आधी विहिरीत डोकावून पाहिलं.

"पाणी बघतास? गोडा आसा," नलूताई म्हणाल्या. "उन्हाळ्यातय आटणा नाय."

मग ह्यांनी शेजार पाहिला, दवाखाना पाहिला, बाजार पाहिला आणि प्रणालीच्या खोलीची कडी तीनदा लावून-काढून पाहिली. सगळं उत्तम होतं. मिठागरांच्या कडेने समुद्राकडे जाणारा रस्ता, पुढे सुरूची झाडं, आणि गावातलं कोणीही थांबून मराठीत विचारपूस करणारं. मी तर मनातल्या मनात तिच्या खोलीला पडदेही लावून टाकले. संध्याकाळी नलूताईंनी गरम घावणे आणि नारळाचा रस पुढे ठेवला. मी हात पुढे केला, तर हे माझ्याकडे असं पाहायला लागले की मी हात मागे घेतला.

"खाऊचा नाय? आमच्या हातचा चलना नाय की काय?" त्यांचा चेहरा पडला.

"तसं नाही वो ताई, आम्ही चहा घेऊ," हे म्हणाले. आम्ही खोलीत जाऊन दशमी खाल्ली. मला इतकी लाज वाटली की काय सांगू. प्रणालीने दोन घावणे पदराआड नव्हे, सरळ टी-शर्टात लपवून मला आणून दिले. मी खाल्ले. माझं घराणं वेगळं आहे.

सकाळी समुद्रावर गेलो. वर्षानुवर्षं वर्गात मी खारे वारे आणि मतलई वारे शिकवते, फळ्यावर बाण काढते. इथे तो मतलई वारा पाठीला लागत होता, जमिनीवरून समुद्राकडे. प्रणाली म्हणाली, "आई, हाच वारा लाटेला समोरून धरून ठेवतो, म्हणून ती लगेच कोसळत नाही. दुपारी खारा वारा सुटला की सगळा विस्कोट. म्हणून आम्ही सकाळीच उतरतो." मला माझाच धडा पहिल्यांदा कळल्यासारखा झाला आणि डोळ्यांत पाणी आलं.

तिने बोर्ड उचलला, पायाला दोरी बांधली आणि गेली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्यात दुसरं कोणी नव्हतं. लांबवर काही जण रापण ओढत होते, त्यांचं लक्ष जाळ्याकडे. लाटा किनाऱ्याच्या अगदी जवळ येऊन एकदम फुटत होत्या. ती त्यांच्या पलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली. मी मोबाईलवर फोटो काढायच्या नादात होते. हे चपला काढून पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले, विजार घोट्यापर्यंत भिजलेली. थोड्या वेळाने ती एका लाटेवर बसून, मग उभी राहून, हसत बाहेर आली. मग हे चपला घेऊन मागे आले.

निघताना त्यांनी नलूताईंना विचारलं, "पाण्यात काही झालं तं कोण येते?"

"हाक मारल्यार कोणतरी येतलो," त्या म्हणाल्या. बाई प्रेमळ होत्या, खोटं बोलल्या नाहीत.

शिरोड्याहून रेडीमार्गे तेरेखोलला रिक्षाने अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. रेडीच्या गणपतीला थांबा. तेरेखोलहून फेरीबोट नदी ओलांडून केरीला सोडते. बोटीवर माणसं, स्कूटर आणि एक कुत्रा, सगळे एकाच निवांतपणे उभे होते. तिथे प्रणालीने सांगून टाकलं, "बाबा, मी शाळेवाल्याइले शिरोडाच सांगणार हाय. तुमाले तिकडे बरं वाटते. आई येऊन राहू शकते. लोकं आपले हायेत."

मला आनंद झाला, लपवत नाही. हे पाण्याकडे पाहत म्हणाले, "पुढचं तं पाहू दे."

केरीहून मांद्र्याला टॅक्सी केली. शिरोड्याच्या मानाने सगळं महाग, टॅक्सी तर फारच. प्रणालीला मिळणारी खोली एका दुकानाच्या वर होती. नळाला पाणी ठरलेल्या वेळी, खाली स्कूटर भाड्याने देणाऱ्याची वर्दळ, समोर संध्याकाळी गाणी लावणारं हॉटेल. शेजारी दर महिन्याला बदलणारे. पावसाळ्यात म्हणे अर्धा रस्ता बंद असतो. मी ह्यांच्याकडे विजयाने पाहिलं. घर पाहण्याच्या परीक्षेत मांद्रे सपशेल नापास होतं.

लाट मात्र इथली वेगळी. लांबून निवांत उलगडत येते, नवशिक्याला उभं राहायला वेळ देते. सकाळी सर्फिंगच्या शाळेची दहाबारा माणसं वाळूवर गोल करून उभी होती. संदेश नावाचे पन्नाशीचे मुख्य प्रशिक्षक प्रत्येकाची जोडी लावत होते. जोडीदारांनी एकमेकांवरची नजर काढायची नाही. एक शिट्टी म्हणजे इकडे पाहा, दोन म्हणजे बाहेर या. आम्ही नारळाच्या सावलीत बसून पाहत होतो. किनाऱ्यावरून पोहणाऱ्यांच्या चुका काढणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, तरी हे पुटपुटत होते, "ते निळी टोपी लयच आत गेली."

शिकवणी संपली. शाळेच्या झापाच्या छपराखाली भात, मोड आलेल्या मुगाची आमटी आणि माशाचं कालवण मांडलं होतं. भुकेजलेली तरुण मुलं पातेल्यांभोवती उभी होती, पण ताटाला कोणी हात लावत नव्हतं. संदेशनी आम्हाला बसायला सांगितलं आणि म्हणाले, "वाईच थांबा हां. प्रणाली अजून पाण्यात आहे. सगळे बाहेर आल्याबिगर आमी जेवत नाय."

सगळे समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. तीसुद्धा, जिचं नावही मला माहीत नव्हतं ती निळ्या टोपीची मुलगी. प्रणाली शेवटच्या लाटेवरून आली, बोर्ड काखेत मारून वाळूवरून पळत. तेव्हा कुठे झाकण निघालं.

हे उठले, हात धुतले आणि पंगतीत जाऊन मांडी घालून बसले. "मले मासे नाही चालत, आमटी वाढा," म्हणाले.

प्रणाली ओल्या कपड्यांनी जागच्या जागी थांबली. तिला पद्धत माहीत होती. "बाबा, ह्या खोलीत? तुमाले तं शिरोडा आवडलं होतं."

"आवडलंच. मले राहाचं असतं तं तिथंच राह्यलो असतो." मग माझ्याकडे वळून, "अवं, आपण घर पाहून राह्यलो होतो. तिले तं पाण्यात राहाचं हाय. पाण्यातला शेजार इथं हाय."

प्रणाली त्यांच्या शेजारी बसली आणि रडली. मीही रडले, पण माझ्या रडण्यात शिरोड्याचे पडदे होते. मला राग आला होता, आणि ते बरोबर बोलले म्हणून जास्त आला होता. भात वाढून घेतला मात्र. आमटी सुंदर होती, खोबरं आणि त्रिफळाची. कोणी गेलात तर मागून घ्या.

परतीला पेडण्याहून गाडी धरली. उरलेल्या दशम्या संपवायला तीन स्टेशनं लागली.

नांदुऱ्याला येऊन आता महिना होत आला. दुकानात कोणी विचारतं, "पोरगी कुठं दिली?" तर हे सांगतात, "मांद्र्याले." जावई काय करतो, या प्रश्नावर गिऱ्हाईकाच्या पिशवीत बियाणं टाकत राहतात. मी अजूनही म्हणते की राहायला शिरोडा, सर्फिंगला मांद्रे. तुम्हाला चार दिवस जायचं असेल तर हाच सल्ला घ्या. आयुष्य काढायचं असेल तर मला विचारू नका, मी आई आहे.

आमचा सकाळचा नाश्ता आता उशिरा होतो. मला शाळेत जायची घाई असते, पोहे झाकून ठेवलेले असतात, आणि आम्ही दोघं मोबाईल मधे ठेवून बसतो. काल फार उशीर झाला. हे एकदा दारापर्यंत जाऊन आले. मी घड्याळ पाहायचं नाही असं ठरवून पाहत होते. मग मोबाईल वाजला, प्रणालीचा मेसेज: "आले बाहेर."

"वाढ," हे म्हणाले.