साइडपट्टी

सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात सावद्याहून वहिनींचा फोन आला. "नाना गेले रे..." एवढंच. नाना म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. दूध घेऊन परतताना गल्लीच्या तोंडाशी डावीकडून केळीचा ट्रॅक्टर आला. हॉर्न ऐकून नाना थांबले आणि भलतीकडेच वळले. त्याला आता महिना उलटला. जो तो म्हणतो, वेळ आली होती. वेळबीळ काही नाही! चूक माझी होती.

नानांनी उभा जन्म केळीचा ट्रक दिल्लीपर्यंत हाकला. उजेडाचा भारी शौक. घर बांधलं तेव्हा बैठकीच्या सीलिंगमध्ये सहा हॅलोजन माझ्याच हातून बसवून घेतले. वहिनी म्हणायच्या, "यांच्याखाली पापड वाळतीन." तीन वर्षांपूर्वी एक दिवस नानांचाच फोन. "मले तुझे ते एलईडी लावून दे भो. यांचा उजेड कडेले जात नाही. रस्ता दिसते, साइडपट्टी दिसत नाही." ड्रायव्हरची जात जाईल कुठे, म्हणून मी पोट धरून हसलो.

जळगावात माझं इलेक्ट्रिकचं दुकान. गिऱ्हाईक वॉट विचारतं, मी त्याला उजेडाचं माप, ल्युमेन, समजावतो, एवढा शहाणा! पन्नास वॉटच्या जागी सहा वॉटचे दिवे लावले, जुने ट्रान्सफॉर्मर काढले, उजेड पिवळाच ठेवला, कारण पांढऱ्यात बैठक दवाखान्यासारखी दिसते. झोत छत्तीस अंशांचा. आठ दिवसांनी नाना म्हणाले, "झ्याक आहे, पन साइडपट्टी नाही दिसत." मी आणखी रुंद झोताचे, साठ अंशांचे आणले. पुन्हा तेच. मग आणखी दोन दिवे वाढवले, कोपरे न् कोपरे लख्ख झाले. नाना मधोमध बसून मान इकडेतिकडे फिरवत होते, शेजारचाच चहाचा कप हाताने चाचपत होते... मी ते पाहिलं. पाहिलं, आणि खोक्यावरचे अंश वाचत बसलो. "नाना, याच्याहून रुंद उजेड बाजारात नाही बुवा!" ते म्हणाले, "मंग जाऊ दे. तू तरी किती करशीन."

यातच दोन वर्षं गेली. शेवटी वहिनींनी त्यांना बळेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणलं. मीही सोबत होतो. काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा कडेकडून नजर खात येतो, गेलेली परत येत नाही. दोन वर्षं आधी आला असतात तर बरीच राखता आली असती. बाहेर बाकावर बसल्यावर नाना मला म्हणाले, "म्हंजे दिवे चांगले होते तुझे." टोमणा नव्हता तो. मारला असता तर बरं वाटलं असतं.

परवा सावद्याला गेलो. नानांच्या खुर्चीत बसलो. वहिनींनी सवयीने आठही दिवे लावले. दाराआडची छत्री दिसत होती, कोपऱ्यातल्या त्यांच्या चपला दिसत होत्या, चपलेच्या पट्ट्याला घातलेला टाकासुद्धा. वहिनी म्हणाल्या, "काढून घेऊन जाय हे. मले एकटीले इतका उजेड कायले?" मी स्टूल घेतलं, वर चढलो, पहिल्या दिव्याला हात लावला... आणि तसाच खाली उतरलो. "एक एक गेला की काढू," मी म्हणालो. हे दिवे पंधरा वर्षं जात नाहीत, असं सांगून मीच ते नानांच्या गळ्यात मारले होते.