नालोंगोचं नाव वहीत नाही

काँगोतून पळून आलेली बाई कंपालाच्या आमच्या वस्तीत उतरली, की तिचं बोचकं जमिनीला टेकायच्या आत नालोंगो हजर! जुळ्यांची आई म्हणून सगळे तिला नालोंगो म्हणत. खरं नाव विचारायची कुणाची छाती नव्हती. खोली बघून देणं, बाजारात बसायला जागा मिळवणं, घरमालकाशी भांडणं, सगळं फुकट. शिव्याही फुकट.

महिन्यापूर्वी आलेल्या फुराहाला ती आता शिकवत होती. इथेच राहते अशी वस्तीच्या चेअरमनची चिठ्ठी शुक्रवारपर्यंत शाळेत नेली नाही, तर फुराहाच्या लेकीची शाळेतली जागा जाणार होती.

"गेल्या गेल्या चिठ्ठी मागायची नाही! आधी गुडघे टेकायचे. मग रात्र कशी गेली, घरची मंडळी कशी आहेत, गाई कशा आहेत..."

"त्यांच्याकडे गाई आहेत?"

"नसू देत! विचारायला तुझं काय जातं?"

"आमच्याकडे नुसता हात मिळवतात," फुराहा कुरकुरली.

"मग राहायचं होतंस तिकडेच!" नालोंगो बोलून गेली, आणि लगेच जीभ चावून तिनं मटोकेच्या हिरव्या केळ्यांची अख्खी फणी तिच्या हातात कोंबली.

गुरुवारी दोघी गेल्या. आधीचे चेअरमन नालोंगोचा आवाज ऐकला की निमूट शिक्का मारायचे. हे नवे चेअरमन सेकिटो म्हणजे रिटायर्ड मास्तर, वहीशिवाय पाणी पीत नसत. फुराहानं गुडघे टेकून गाईंची दोनदा चौकशी केली. मास्तर खूश झाले.

"हिला जामीन कोण?"

"मी," नालोंगो म्हणाली.

"जामीन वस्तीच्या वहीत नाव असलेला लागतो." मास्तर पानं उलटत राहिले. सिफा होती, झवादी होती, नालोंगोनं वसवलेल्या झाडून साऱ्या होत्या. ती तेवढी नव्हती.

"नीट बघा! बावीस वर्षं राहतेय मी!"

"कुठून आलात?"

 हे नालोंगोला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"बुकोबाहून. टांझानियातून. लग्न करून आले. नवरा म्हणायचा, उद्या नोंदवू. तो गेला, नोंद राहून गेली."

"म्हणजे तुम्हीपण..." फुराहा आ वासून बघत राहिली.

"तोंड मिट!"

"मग आधी तुम्हालाच जामीन आणा," मास्तर म्हणाले.

फुराहा धावत बाजारात गेली आणि मासे विकणाऱ्या सिफाला घेऊन आली. सिफानं सगळं ऐकलं, हात पुसले आणि म्हणाली, "नालोंगो, आधी गुडघे."

"अगं, दुखतात माझे!"

"माझेही दुखत होते. तेव्हा ऐकलंत?"

आई गं, आई गं करत नालोंगो मास्तरांपुढे गुडघ्यांवर बसली. रात्र विचारली, मंडळी विचारली.

"गाई!" फुराहा मागून कुजबुजली.

नालोंगोनं तिला डोळ्यांनीच फाडून खाल्लं आणि गाई विचारल्या. सिफानं जामीन म्हणून सही केली.

"पूर्ण नाव?"

"कोकुशुबिरा," नालोंगो हळूच म्हणाली. मास्तरांनी लिहून घेतलं. खालच्या ओळीत फुराहा, जामीन कोकुशुबिरा. शाई वाळायच्या आत चिठ्ठीवर शिक्का बसला आणि फुराहा शाळेकडे पळत सुटली.

बाहेर आल्यावर सिफानं नालोंगोचा हात धरला. "खोली बरी आहे ना? घरमालक त्रास नाही ना देत? काही लागलं तर सांगा हं, नव्या आहात."

आता ही फाडकन बोलणार, म्हणून सिफा दोन पावलं मागे सरायला लागली. नालोंगोनं हात सोडला नाही. तिचे डोळे भरून आले होते.

"हो बाई," ती म्हणाली, "सांगेन."